चुकीचे औषध

हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगझू या भागांत कँटोनीज भाषा बोलतात. तिथे माणूस आपल्या स्वभावाविरुद्ध वागला की म्हणतात, 'सिक छो यॉक'. सिक म्हणजे खाणे, छो म्हणजे चुकणे, यॉक म्हणजे औषध. चुकीचे औषध खाल्लेस काय? शांत माणूस अकारण खवळला तरी हेच. तुसडा माणूस गोड बोलला तरीही हेच.

पहिल्या ठिकाणी या बोलण्यात दया आहे. दोष माणसाचा नाही, औषधाचा. ते उतरले की हा पुन्हा आपला होईल. पण दुसऱ्या ठिकाणी? कंजुषाने हात सैल सोडला की आपण 'आज सूर्य पश्चिमेला उगवला' म्हणतो. तोही टोमणाच, पण त्यात नवल आहे. इथे मात्र चांगुलपणाच विकार ठरतो. थट्टेने का होईना, ऐकणारा ओशाळला आणि उद्या पुन्हा तुसडा झाला, तर त्याला बिघडवले कोणी?

स्वभाव म्हणजे तरी काय? पुष्कळदा करून अंगवळणी पडलेले वागणे. मग पहिले चांगले कृत्य स्वभावाविरुद्धच असणार. त्याला हसू नये. कदाचित आजवरचेच औषध चुकीचे असेल, आणि आज बरोबर लागू पडले असेल.