कुणाच्या वतीने?

एखादं राष्ट्र परक्यांशी करार करतं तेव्हा ‘हा अधिकार तुला कुणी दिला?’ असं सहसा कुणी विचारत नाही. सार्वभौमत्वाच्या आड तो प्रश्न झाकला जातो. युरोपीय संघाला मात्र प्रत्येक करारापूर्वी त्याचं उत्तर द्यावं लागतं. संघाकडे सदस्यदेशांनी सोपवले तेवढेच अधिकार आहेत. बाकीचे त्यांच्यापाशीच राहिले आहेत. मुखत्यारपत्र घेऊन एका भावाने सगळ्यांच्या वतीने व्यवहाराला बसावं आणि कागदाची ओळ न ओळ तपासली जावी, तशी ही स्थिती. संघाच्या परराष्ट्र संबंधांचा कायदा मला जवळचा वाटतो तो यासाठीच. दुसऱ्याच्या वतीने शब्द द्यायचा हक्क कुठून येतो, हे त्याला पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

या कायद्याचा पाया घातला गेला तो ट्रकचालकांच्या विश्रांतीवरून. 1969मध्ये तेव्हाच्या सहा देशांच्या युरोपीय समुदायाने, म्हणजे संघाच्या पूर्वरूपाने, रस्तेवाहतुकीचे नियम केले: चालकाने सलग किती वेळ गाडी चालवायची, विश्रांती किती घ्यायची, रोजची नोंद आपल्या वहीत कशी ठेवायची. त्याच विषयावर युरोपातल्या इतर देशांबरोबर एका कराराची बोलणी चालू होती. मार्च 1970मध्ये मंत्रिपरिषदेने ठरवलं की ही बोलणी समुदाय नव्हे, सहा देशच पुढे नेतील. युरोपीय आयोगाने समुदायाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात धाव घेतली. वाहतुकीबाबत बाहेरच्या देशांशी करार करण्याचा अधिकार मूळ तहात स्पष्टपणे लिहिलेला नव्हता. तरीही 31 मार्च 1971च्या निकालात न्यायालय म्हणालं, की ज्या विषयात समुदायाने समान नियम केले आहेत, तिथे त्या नियमांना बाधा आणणारा शब्द सदस्यदेशांनी बाहेर द्यायचा नाही; एकेकट्यानेही नाही आणि मिळूनही नाही. आयोग खटला मात्र हरला. बोलणी समुदायाकडे हा अधिकार येण्याआधीच सुरू झाली होती, आणि मध्येच बोलणारे बदलले असते तर करारच हातचा जाण्याचा धोका होता. हरलेल्या खटल्यातलं ते तत्त्व 2009मध्ये अमलात आलेल्या लिस्बन तहात लेखी उतरलं.

घरात निस्तरलेल्या कामातून बाहेर बोलण्याचा अधिकार उगवावा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला त्याचा व्यवहारातला अर्थ ठाऊक आहे. माल रॉटरडॅमला उतरो की हॅम्बुर्गला, कीटकनाशकांच्या रेसिड्यूची मर्यादा, म्हणजे त्याच्या बोलण्यातला ‘एमआरएल’, साऱ्या संघाची एकच.

एका आवाजाची किंमतही असते. पीएफओएस हे निसर्गात वर्षानुवर्षं विघटन न होणारं रसायन. टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ते घालावं, असा प्रस्ताव स्वीडनने 2005मध्ये एकट्याने मांडला. संघाची आपसातली चर्चा तेव्हा संपलेली नव्हती. 2010मध्ये न्यायालयाने ठरवलं की स्वीडनने परस्परनिष्ठेचं कर्तव्य मोडलं. तोवर ते रसायन यादीत आलंही होतं. निकालाची बाजू मला समजते. सत्तावीस देश सत्तावीस तोंडांनी बोलू लागले तर समोरच्याने कुणाचं धरायचं? तरी या प्रकरणात माझं मन स्वीडनकडेच झुकतं. विषाबाबत घाई करणाऱ्याला दोषी ठरवताना कायद्यालाही जड जायला हवं.

कादी खटल्यात मात्र मी पूर्णपणे न्यायालयाच्या बाजूने आहे. सौदी अरेबियाचे यासीन अब्दुल्ला कादी यांचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध-यादीत आलं आणि 2001मध्ये संघाने त्यांची मालमत्ता गोठवली. पुरावा काय, हे त्यांना कळवलं नाही. बाजू मांडायला जागा दिली नाही. सुरक्षा परिषदेचा आदेश आहे, मग आम्ही काय करणार, अशी संघाच्या संस्थांची भूमिका. 3 सप्टेंबर 2008 रोजी न्यायालयाने कादी यांच्यापुरता मालमत्ता गोठवण्याचा नियम रद्द केला आणि दोष दुरुस्त करायला तीन महिने दिले. बाहेर दिलेला शब्द कितीही वरच्या दारी दिलेला असो, आतल्या मूलभूत हक्कांना तो ओलांडू शकत नाही.

आणि ज्यांच्या नावाने कुणी बोललंच नाही, त्यांचं काय? मोरोक्कोशी झालेल्या करारांतून संघाने, बहुतांश मोरोक्कोच्याच ताब्यात असलेल्या पश्चिम सहाराच्या मालाला जकातीत सवलत दिली आणि तिथल्या समुद्रात मासेमारीचा हक्क मिळवला. त्या भूमीच्या लोकांचा मोठा भाग कित्येक दशकं तिच्याबाहेर राहतो आहे. अल्जीरियात तिंदूफजवळ त्यांच्या निर्वासित छावण्या आहेत. करारापूर्वी आम्ही सल्लामसलत केली, असं संघाच्या संस्था सांगत होत्या. 4 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालय म्हणालं, की आज तिथे राहणाऱ्यांशी बोलणं म्हणजे त्या जनतेची संमती नव्हे. करारांना मान्यता देणारे निर्णय रद्दबातल. जकातीच्या कराराला बारा महिन्यांची मुदत मिळाली. ती मुदत मला खुपते, कारण संमती नव्हती हे ठरल्यावरही व्यवहार वर्षभर चालू राहणार होता. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने सांगितलं, की तिथून येणाऱ्या खरबुजांच्या आणि चेरी टोमॅटोच्या लेबलावर मोरोक्को नव्हे, पश्चिम सहारा हेच नाव असलं पाहिजे.