पोकळ कणाचे खरेपण

लस शरीराला फसवते, असे आपण सहज बोलून जातो. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरच्या लशीबाबत तर ते अगदी पटण्यासारखे आहे, कारण तिच्यात विषाणू नसतोच. या विषाणूच्या कवचाची प्रथिने पेशींत तयार करवली की ती आपोआप जुळून विषाणूसारखे कण बनतात, हे १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जिआन झोउ यांनी दाखवले. पुढे एल१ हे एकच प्रथिन त्याला पुरते, हेही कळले. पाच-पाच रेणूंचे ७२ गट मिळून कवच उभे राहते. आत विषाणूचा डीएनए नसल्याने संसर्ग संभवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही याच तत्त्वावर बनते. मग विषाणू नसताना शरीराला झालेली त्याची ओळख हा भ्रमच नव्हे काय?

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांची कसोटी अशी की, ज्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळास येते ते ज्ञान यथार्थ. पोकळ कणावर घडलेली प्रतिपिंडे पुढे खऱ्या विषाणूला अडवतात, तेव्हा ही कसोटी पुरी होते. पण फळ मिळाले म्हणजे ज्ञान खरे ठरले, असे म्हणता येत नाही. बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्तीचा दाखला प्रसिद्ध आहे: मण्याच्या प्रभेलाच मणी समजून धावणाऱ्यालाही मणी मिळतो, तरी त्याची समजूत चुकीचीच असते. आक्षेप वजनदार आहे. मात्र तो इथे लागू होत नाही. प्रभा मण्याहून वेगळी असते, तर कणाचे कवच आणि विषाणूचे कवच एकाच प्रथिनाचे, एकाच घडणीचे असते. तेच एल१ घडी मोडून टोचले, तर विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. म्हणजे शरीर ओळखते ती आकृती, आणि ती तिथे खरोखर असते.

या ज्ञानाला मर्यादा आहेत, पण त्याही हेच सांगतात. आधीच जडलेला संसर्ग ही लस बरा करत नाही, कारण त्वचेच्या तळच्या बाधित पेशींत एल१ तयार होत नाही. प्रतिपिंडांना ओळखायला तिथे काही नसते. जे पाहिले तेवढेच जाणणारे ज्ञान अपुरे असते, खोटे नसते. भ्रम जाणलेल्याच्या पलीकडे दावा करतो; शरीर तसा दावा करत नाही. म्हणून या लशीला फसवणूक म्हणणे चूक आहे. ते शिकवणे आहे, आणि कोणतेही शिकवणे संपूर्ण सत्यापासून सुरू होत नाही.