गाडीबाहेरची माणसे

रस्त्यावर चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना असलेल्या धोक्याची चर्चा आपल्याकडे चालकाच्या स्वभावापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चालक उर्मट, बेशिस्त, घाईत असतो. म्हणून त्याचे प्रबोधन करा, सुरक्षा सप्ताह पाळा, चौकात फलक लावा. गाडीची घडण हा अभियंत्यांचा विषय म्हणून बाजूला राहतो. ही वाटणी मला चुकीची वाटते, कारण चालकाच्या मनातल्या तुच्छतेला बळ देते ती गाडी. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार, म्हणजे रोज शंभराहून अधिक जण. केवळ उपदेशाने हा आकडा खाली येईल, असे मानायला काही आधार दिसत नाही.

ही तुच्छता किती खोल असते, हे ऑस्ट्रेलियातल्या २०१९ च्या एका अभ्यासातून दिसले. सायकलस्वार हा पूर्ण माणूस आहे का, असा प्रश्न त्यात वेगवेगळ्या पद्धतीने विचारला होता. सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्याला पूर्ण माणसापेक्षा खालचे स्थान दिले. ज्यांनी असे मानले, त्यांच्याच वागण्यात आक्रमकता जास्त आढळली: मुद्दाम गाडी आडवी घालणे, मुद्दाम खेटून जाणे. आपल्याकडे याला ‘कट मारणे’ म्हणतात, आणि त्यात वर्गाचाही भाग असतो. पहाटे सायकलवरून कामाला निघालेला कामगार, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, चार घरची धुणीभांडी करून पायी जाणारी बाई, यांना रस्त्यावर मान नाही. यांना परवडले असते तर यांनीही गाडी घेतलीच असती, हे गृहीत धरून हॉर्न वाजवला जातो.

आता या चालकाला आपण कुठे बसवतो ते पाहू. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक आता एसयूव्ही प्रकारच्या आहेत. त्यांच्या जाहिराती उंचीचा आणि दराऱ्याचा मोह दाखवतात. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांना धडक बसलेल्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोनेटची कड सुमारे १०० सेंटीमीटरपेक्षा उंच असेल, तर ७५ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या तुलनेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण साधे आहे. बुटकी गाडी आधी पायांना धडकते आणि माणूस बोनेटवर पडतो. उंच, सपाट नाकाड छातीला किंवा डोक्याला धडकते आणि माणूस पुढे, चाकांच्या दिशेने फेकला जातो. चार वर्षांच्या मुलाची उंचीच जवळपास त्या बोनेटएवढी असते. आपल्या बायकांची सरासरी उंची अमेरिकी बायकांपेक्षा कमी, तेव्हा तेच बोनेट इथे शरीरावर आणखी वर आदळणार. उंच बोनेटमागून जवळचे मूल दिसतही नाही, आणि जो दिसत नाही त्याची पर्वा करणे सुसंस्कृत चालकालाही जमत नाही.

यावर म्हटले जाईल की आपल्याकडचे पादचारी आणि सायकलवाले कुठूनही घुसतात, सिग्नल पाळत नाहीत. खरे आहे. पण चुकीला मृत्यू ही शिक्षा नाही, आणि माणसे चुकणार हे धरूनच यंत्राची रचना व्हायला हवी. खड्ड्यांच्या रस्त्यांवर उंच गाडी लागतेच, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण खड्ड्यासाठी गाडीचा तळ उंच लागतो. बोनेटची कड उभी, चौकोनी ठेवण्याशी खड्ड्याचा संबंध नाही. तिसरा आक्षेप असा की आपल्याकडे ट्रक, बस आणि दुचाकींनीही माणसे मरतात. तेही खरेच, आणि म्हणून लंडनने केले ते महत्त्वाचे वाटते. तिथे १२ टनांवरच्या ट्रकला केबिनमधून थेट किती दिसते यावर तारे दिले जातात. २०२१ पासून किमान दर्जा नसलेल्या ट्रकला अतिरिक्त सुरक्षा साधने बसवल्याशिवाय शहरात प्रवेश नाही, आणि २०२४ मध्ये ती अट आणखी कडक झाली. ट्रकचालकांचे मन बदलेपर्यंत ते शहर थांबले नाही.

आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांपुढचे लोखंडी बुल बार बेकायदा ठरवले, तरी ते आजही बिनदिक्कत फिरताना दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाड्यांना अपघात-सुरक्षेचे तारे देणारे भारत एनकॅप सुरू झाले, तेव्हा पादचारी-सुरक्षेची अट त्यात होती; पण गिऱ्हाईक शोरूममध्ये जे तारे मोजते ते आत बसलेल्या प्रौढांच्या आणि मुलांच्या बचावाचे. बाहेरच्या माणसासाठी वेगळे तारे, बोनेटच्या उंचीला कायद्याची मर्यादा आणि चालकाला समोरचे किती अंतर दिसलेच पाहिजे याचे माप, या तीन गोष्टी नव्या गाडीला मंजुरी देतानाच तपासता येतील. देशातल्या वाहनांची मानके प्रसिद्ध करणारी संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. जे शहर एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखले जाई, तिथेच. या मागण्या तिथल्या मानक समित्यांसमोर आणि केंद्रीय मंत्रालयासमोर नेटाने मांडायला हव्यात, आणि त्या पादचाऱ्यांच्या व सायकलवाल्यांच्या संघटनांनीच मांडायला हव्यात, कारण गाडी विकत घेणारा त्या मांडणार नाही.