चकलीला मोहन किती?

ऑक्टोबरात दिवाळी आली, की नरक चतुर्दशीच्या पहाटे पाचला पुण्यात उटणं लागतं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिथे शिकायला गेलेली मुलगी मिड-टर्मची वही मिटून फोनवर घरचं अभ्यंगस्नान, पायाखाली फुटणारं कारीट, धाकट्या भावाची आरडाओरड पाहते. तिच्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन झालेले असतात. फराळ उरकून घर आडवं झालेलं असतं. सण तिने पाहिला, पण त्यात तिच्या हाताला काहीच काम आलं नाही.

युरोपात तर दिवाळी आणखी अवघड वेळी येते. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, ब्रिटनमध्ये सप्टेंबरच्या अखेरीस. खोलीच्या पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं, अनोळखी वर्ग यांतच जीव अडकलेला असतो आणि जिवाभावाचं म्हणावं असं कुणी अजून भेटलेलं नसतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ आणखी लवकर अंधारते. अशा दिवसांत घरची आठवण उचल खाते, यात मुलांच्या हळवेपणाचा काही दोष नाही.

१६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर या तरुणाने वैद्यकीच्या प्रबंधात घराच्या या ओढीला रोगच मानलं होतं. आजचं मानसशास्त्र तिला शोकाच्या जवळ ठेवतं. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारा माणूस कधी गमावलेल्याकडे, तर कधी नव्या जगण्याकडे असा आळीपाळीने वळत असतो. पुढे हीच मांडणी घराच्या ओढीलाही लावली गेली. म्हणूनच ‘रडू नकोस, अभ्यासात मन घाल’ हा सल्ला अपुरा, आणि दिवसभर व्हिडिओ कॉलला चिकटून बसणंही अपुरंच. सणाच्या दिवशी मात्र ही दोन्ही वळणं एकाच स्वयंपाकघरात साधता येतात.

वसतिगृहाच्या खोलीत बहुधा मेणबत्तीलाही मनाई असते, मग पणत्यांच्या जागी बॅटरीचे दिवे येतात. धुराची घंटा वाजू नये म्हणून कडाक्याच्या थंडीत खिडकी सताड उघडी ठेवून तळण चालतं. घरी चकल्यांवर नुसता ताव मारणारा मुलगा आता आईला फोन लावतो: “मोहन किती घालू?” आई म्हणते, “अंदाजाने घाल.” मग दोघं तो अंदाज चमच्यांत मोजायला बसतात. शेजारच्या खोलीतला व्हिएतनामी मित्र सोऱ्या फिरवून पाहतो. चकल्या तुटतात, तरी संपतात. घराची ओढ यानं जात नाही, पण तिला करायला काहीतरी मिळतं. परदेशातल्या पहिल्या दिवाळीत हेच सगळ्यांत मोलाचं.

आपलं माणूस परक्या मुलखातही जोडता येतं. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा घरचं पत्र बोटीने यायला आठवडे लागत. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्यांनी मावशी मानलं. हे नातं किती खरं होतं, ते पुढे दिसलं: १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या आणि त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली. आजच्या विद्यार्थ्याला मंडळांचाही आधार आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. परदेशी मंडळांची दिवाळी पुष्कळदा तिथी सोडून जवळच्या शनिवारी होते. काहींना ते खटकतं. पण ज्या दिवशी माणसं जमू शकतात, तो दिवस सणाचा मानायला काय हरकत आहे?

इथल्या घरांनीही थोडं बदलावं. फराळाचा डबा पाठवण्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने स्वस्त मालावरची करमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने ऑगस्टअखेरीस तिकडची पार्सलं थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाला आठवडाही उरला नसताना. डबा पोचो न पोचो, भाजणीचं प्रमाण वाटी-चमच्यांत नीट लिहून द्यावं. भाऊबीजेची ओवाळणी मुलाला स्वतःच्या अर्धवेळ कमाईतून पाठवू द्यावी, ‘कशाला खर्च केलास’ असं म्हणू नये. आणि बिघडलेल्या लाडवांचा फोटोही हक्काने मागवावा.