दाणा आणि खडा



वाचक बंधू-भगिनींनो, सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने प्रत्येक जिवाच्या रोजीची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. सूरह हूदच्या सहाव्या आयतीत हा दिलासा आला आहे. सूरह अल्-अनआमच्या ३८ व्या आयतीत तर अल्लाहने जमिनीवरच्या प्राण्यांना आणि दोन पंखांवर उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. तेथील मूळ शब्द 'उमम' आहे. आपण स्वतःला ज्या 'उम्मत' शब्दाने ओळखतो, त्याचेच ते अनेकवचन. खिडकीच्या गजावर बसलेली चिमणीसुद्धा एका उम्मतीची सदस्य आहे, हे एकदा मनात ठसले की तिच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

हिवाळा सुरू झाला की आपल्या शहाडमध्ये कित्येक घरांच्या गच्चीवर, सज्जात तांदळाची कणी, बाजरी आणि पाण्याचे भांडे ठेवले जाते. हे पुण्यकर्म आहे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पक्ष्याने खाल्ले, तर लावणाऱ्यासाठी तो सदका ठरतो, अशी हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु आज मला दाण्याविषयी नव्हे, दाण्याशेजारी आपण कधीच न ठेवणाऱ्या वस्तूविषयी लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे खडा.

कोंबडी साफ करताना आपल्या माता-भगिनींच्या हाती पोटा येतो. तो चिरला की आत बारीक खडे आणि रेती सापडते. पक्ष्याला दात नसतात. तो कठीण दाणा सबंध गिळतो आणि वाटेत गिळलेले खडे त्या जाड स्नायूंच्या पिशवीत दाणा दळतात. फारसीत या अवयवाला 'संगदान' म्हणतात, म्हणजे दगड ठेवण्याचे पात्र. काही घरांत आजही 'संगदाना' हाच शब्द ऐकू येतो. ज्या रब्बने पाखराला दात दिले नाहीत, त्याने त्याच्या पोटात जाते बसवले आणि त्या जात्याचे दगड जमिनीवर पसरून ठेवले! रोजी म्हणजे केवळ दाणा नव्हे. तो पचवण्याचे साधनही रोजीच आहे.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फाखाली जमीन झाकली जाते, म्हणून तेथील लोक पाखरांसाठी मुद्दाम रेती ठेवतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही. मात्र बारा महिने जमीन झाकण्याचे काम आपणच केले आहे. गल्लीत काँक्रीट, सोसायटीत पेव्हर ब्लॉक, मशिदीच्या अंगणात फरशी. भिंतीचा गिलावा टोचणारी चिमणी आपण पाहतो. पुष्कळदा ती रेती आणि चुन्याच्याच शोधात असते.

उपाय अगदी साधा आहे. नदीची जाडसर रेती धुऊन वाळवावी आणि उथळ ताटलीत, दाण्यापासून वेगळी, मूठभर ठेवावी. खडा रव्यापासून मोहरीपर्यंतच्या आकाराचा असावा. समुद्राची रेती असेल तर मीठ निघून जाईपर्यंत धुवावी. सिमेंट, रंगाचे पोपडे, काचेचा चुरा मुळीच ठेवू नये. अंड्यांची टरफले दहा मिनिटे उकळून, वाळवून, कुटून ठेवली तर मादीला अंड्याच्या कवचासाठी चुना मिळतो. दाणे टिपणाऱ्या चिमण्या-होल्यांना याचा उपयोग होतो. मध पिणाऱ्या शिंजीरला त्याची गरज नाही. जेथे मोकळी माती आहे, तेथे तर ताटलीही नको. म्हणून मशिदींच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: अंगणाला फरशी घालताना एका कोपऱ्यात हातभर माती उघडी राहू द्या.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२५ साली मुंबईच्या कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण कबुतरांच्या विष्ठेमुळे फुफ्फुसांचे विकार होऊ शकतात. कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यातही इजा करू नये, हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी घालून दिलेला नियम आहे. आपला सदका शेजाऱ्याच्या दम्याचे कारण ठरत असेल, तर तो हक्काचा भंग आहे. पाखरांना थोडे ठेवावे, जागा रोज झाडावी, आणि कबुतरांचे थवे जमू लागले तर थांबावे.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या दानाकडे वळू. आपण दाणा देतो, खडा देत नाही. रमजानमध्ये विधवा भगिनीच्या दारी धान्याची पिशवी पोहोचते. चुलीवर गॅस आहे का, हे कोणी विचारत नाही. गरीब विद्यार्थ्याला पुस्तके देताना आपली छायाचित्रे निघतात. फळ्यावरचे न दिसणाऱ्या त्याच्या डोळ्यांना चष्मा हवा आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कर्जदाराची एक रक्कम आपण फेडतो. पुन्हा कर्ज काढावे लागू नये म्हणून त्याला काम मिळवून देण्यासाठी कोणाकडे शब्द टाकत नाही. दाणा दिसतो, म्हणून तो देणे सोपे असते. खडा द्यायचा, तर समोरच्याच्या जगण्यात डोकावून पाहावे लागते आणि दोन प्रश्न विचारावे लागतात. अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, अनिवार्य केले आहे, ही मुस्लिम शरीफमधील शिकवण येथेच आपली परीक्षा घेते.

खडा क्षुल्लक वाटेल. पण सूरह अज्-जिलजालच्या सातव्या आयतीत कणभर भलाईही डोळ्यांनी पाहायला मिळेल असे आश्वासन आहे. पाखराला दिलेला कण त्या हिशेबात मोजला जाईल, आणि गरजूच्या घरी जाऊन विचारलेला एक प्रश्नही.

हे अल्लाह, आम्हाला देणारे हात दे आणि कोणाला काय हवे हे ओळखणारी दृष्टीही दे. आमीन.