थांबायचं कुणासाठी?

‘गाठ आहे, पण कर्करोगाची नाही.’ टूडी इको झाल्यावर डॉक्टर असं सांगतात तेव्हा आईबापांच्या कानात पहिले दोन शब्दच शिरतात. तान्ह्या बाळाच्या हृदयात गाठ सापडणं मुळात दुर्मीळ. सापडलीच तर बहुतेकदा ऱ्हॅब्डोमायोमा निघते, म्हणजे हृदयाच्याच स्नायूपेशींची साधी गाठ. गर्भात ती वाढते आणि जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत आपणहून आक्रसते, पुष्कळदा दिसेनाशी होते. म्हणून ती रक्ताची वाट अडवत नसेल, ठोके बिघडवत नसेल, तर सर्जन तिला हात लावत नाहीत. अधूनमधून इको करायचा, बस्स.

त्याच हृदयात जन्मजात दोषही असेल तर? क्वचित असतो. समजा, फॅलोज टेट्रालॉजी आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट चिंचोळी. हे छिद्र आपोआप बुजत नाही, आणि वाटेतला स्नायू महिन्यामहिन्याने जाडच होत जातो. म्हणजे एकाच छातीत उलटसुलट चालणारी दोन घड्याळं. गाठीसाठी थांबावं, तर दोषासाठी घाई करावी.

बाळ निळं पडू लागलं की पहिला प्रश्न, वाट अडवतंय कोण? जाडावलेला स्नायू ठोक्यागणिक आवळतो, सैलावतो. गाठ मात्र ठोक्यागणिक आपला आकार फारसा बदलत नाही. इकोच्या पडद्यावर हा फरक शोधत बसावं लागतं. नवजात बाळाला प्रोस्टाग्लँडिन देऊन फुफ्फुसाकडे रक्त पोचवणारी धमनीनलिका उघडी ठेवता येते, तेवढाच वेळ हाती लागतो. गाठ लवकर आक्रसावी म्हणून एव्हरोलिमस हे औषधही हल्ली वापरतात. पण गंमत अशी, की हे औषध जखमा लवकर भरू देत नाही. एकीकडे गाठ विरवायची, तर दुसरीकडे शस्त्रक्रिया पुढे ढकलायची.

एकाहून अधिक गाठी दिसल्या की ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची शंका घेऊन मेंदूचा एमआरआय करतात, अंगावर पांढुरके डाग शोधतात. तो आजार निघाला, तर हृदयातली गाठ विरली तरी फिट्सची टांगती तलवार राहतेच.

शेवटी छाती उघडायची वेळ आलीच, तर सर्जन छिद्र बुजवतात, वाट रुंद करतात आणि गाठीचा वाटेत आलेला तेवढाच भाग कापतात. पडद्यात रुतलेला भाग तसाच ठेवतात, कारण तो खरवडताना ठोक्यांचा संदेश नेणारे तंतू दुखावले तर बाळाला जन्मभर पेसमेकर लावावा लागेल.