खोलीसाठी आडनाव विचारले तर

 

जून उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एकाच प्रकारचे निरोप येऊ लागतात. "सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी लंडनला येत आहे. खोली हवी आहे." विद्यापीठाच्या वसतिगृहाचे भाडे झेपत नाही. खासगी घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतो, तो कुठून आणायचा? शेवटी ही मुले भारतीय कुटुंबांकडे खोली शोधतात आणि तिथे भाड्याच्या आधी दुसरीच चौकशी सुरू होते. पूर्ण नाव काय? गाव कोणते? घरी काय खाता? हे तीन प्रश्न कुठे पोहोचतात, ते तुम्हाला सांगायला नको.

मग ती मुले आपल्याला विचारतात: आडनाव लपवू का? दुसरे सांगितले तर बिघडले कुठे? पंचशील घेतलेल्या मुलासाठी हा साधा प्रश्न नाही. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो.

बाबासाहेबांवरही ही वेळ आली होती. १९१७ मध्ये, अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी सराईत पारशी नावाने राहिले. ते पारशी नाहीत हे सराईच्या रखवालदाराला ठाऊक होते, नाव फक्त नोंदवहीपुरते होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

ते वाचून त्या नोंदवहीतल्या नावाचा दोष कोणी बाबासाहेबांना देत नाही. दोष त्या शहराचा होता. पण एक गोष्ट त्यातून कळते. दुसऱ्याच्या नावावर मिळालेली खोली ते नाव उघडे पडेपर्यंतच आपली असते. तोवर रोज भाड्यासोबत भीतीही मोजावी लागते.

मग खरे काय ते सगळे सांगून टाकावे का? इथे तथागतांची एक शिकवण उपयोगी पडते. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींचे थेट उत्तर द्यावे, काहींचे विभागून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारावा आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. म्हणजे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे हे सत्याचे बंधन नाही. खोटे न बोलणे हे बंधन आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक साधा नियम असतो: ज्या माहितीची कामाला गरज नाही, ती मागू नये. खोली देणाऱ्याला काय हवे? भाडे वेळेवर मिळेल का, माणूस नीट राहील का आणि देशात राहण्याचा त्याला हक्क आहे का. करारावर खरे नाव येणारच, राहण्याचा हक्कही दाखवावाच लागतो. त्यामुळे खोटे नाव व्यवहारातही टिकत नाही. पण "तुम्ही कोण?" हा प्रश्न खोलीचा नाही, तो बाजूला ठेवण्याचा आहे. दोन बॅगा घेऊन परक्या शहरात उभ्या असलेल्या मुलीने त्यावर गप्प राहायचे ठरवले, तर तिला भित्री म्हणू नका.

कायद्यावरही फार विसंबता येत नाही. समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याची तरतूद २०१३ मध्ये संसदेने केली. २०१८ मध्ये सरकारने तो मार्ग सोडून न्यायालयांच्या निवाड्यांवर भिस्त ठेवायचे ठरवले. आणि पहिल्या आठवड्यात डोक्यावर छप्पर शोधणारा विद्यार्थी न्यायालयात जाणार कधी?

म्हणून मला वाटते, हा प्रश्न आपण चुकीच्या माणसापुढे ठेवतो. त्या मुलाने काय सांगावे, यापेक्षा आपण काय करावे हे आधी विचारले पाहिजे. आपल्यातील अनेकांची आता इथे घरे आहेत, एखादी खोली रिकामीही असते. सिगालोवाद सुत्तात उपकारक मित्राची एक खूण सांगितली आहे: भीतीच्या वेळी तो आसरा होतो.

कोणी म्हणेल, फक्त आपल्याच मुलांना खोली दिली तर तीही जातच नव्हे का? शंका रास्त आहे. आपल्या दारात कोणालाच आडनाव विचारायचे नाही, हे तिचे उत्तर. जिल्हा आणि पोटजातही नाही. ज्याला इतर दारे बंद आहेत, त्याला आधी जागा द्यावी, एवढेच.

आणि हे उपकार म्हणून करू नये. वाजवी भाडे घ्यावे, पावती द्यावी, अटी लिहून द्याव्यात. फुकट राहणारा मुलगा मान खाली घालून राहतो, भाडे देणारा घर आपले समजून राहतो. खोली नसेल तर दोन आठवडे दिवाणखाना द्या. तेही जमत नसेल तर करार सोबत बसून वाचा. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाडेकराराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि तीस दिवसांत ती मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावी लागते, हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही. हमीदार व्हायचे असेल तर जबाबदारी किती रकमेची आणि किती काळाची ते वाचून मगच सही करा.

किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात आपण फुले वाहायला जातो. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. १९२१-२२ मध्ये मात्र ते घर स्मारक नव्हते. एका विद्यार्थ्याला तिथे राहायला जागा मिळाली होती.

तुमच्या घरातली खोली या सप्टेंबरमध्ये रिकामी आहे का?

भवतु सब्ब मंगलं.